घरच्या व्हिडिओंची मेनूवाली डीव्हीडी: आधी कागदावर नकाशा, मग सॉफ्टवेअर

आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानातून डीव्हीडीवर उतरवून आणली तेव्हा घरात सगळ्यांना फार आनंद झाला होता. तीन तासांची कॅसेट एका चकतीवर आली. पण त्या चकतीवर मेनूच नव्हता. दर पाच मिनिटांनी आपोआप पाडलेला एक चॅप्टर, एवढीच काय ती सोय. आत्याला बघायच्या असायच्या मंगलाष्टका. 'पुढे'चं बटण किती वेळा दाबायचं ते तिने एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवलं होतं: मंगलाष्टका २१, सप्तपदी २५, वरात ३१. एकदा बोट जास्त पडलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

ती चिठ्ठी बघून मी ही डीव्हीडी नव्याने बांधायची ठरवली. त्यासाठी पाचसहा सॉफ्टवेअर उतरवून पाहिली, दोन आठवडे घालवले आणि मग लक्षात आलं की माझा क्रम उलटा होता. मी आधी सॉफ्टवेअर शोधत होतो आणि त्यात जो मेनू मिळेल तो मुकाट्याने घेत होतो. खरं तर मेनू आत्याने आधीच लिहून ठेवला होता. तो नीट कागदावर मांडला की कोणतं सॉफ्टवेअर चालेल आणि कोणतं नाही, हे अर्ध्या तासात कळतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पायरी १: कागद घ्या आणि मेनू काढा

मध्यभागी एक चौकोन काढा. हा मुख्य मेनू. त्यात चार-पाचच बटणं ठेवा. आमच्या चकतीवर तीन आहेत: 'सगळं बघा', 'विधी निवडा' आणि 'कोण कोण आहे'. 'विधी निवडा'पासून बाण काढून दुसरा चौकोन, त्यात सीमांतपूजन, हळद, पुण्याहवाचन, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी, वरात, गृहप्रवेश. खाली 'मागे'.

डीव्हीडीच्या नियमात एका पानावर ३६ बटणं बसतात, एका चकतीवर ९९ टायटल (म्हणजे स्वतंत्र व्हिडिओ) आणि प्रत्येक टायटलमध्ये ९९ चॅप्टर. या मर्यादांची चिंता घरच्या कामात कधीच करावी लागत नाही. खरी मर्यादा आठ-दहा फुटांवरून बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची असते. एका पानावर आठ विधी आणि एक 'मागे' याच्या पुढे मी जात नाही.

आता प्रत्येक बटणाजवळ एक प्रश्न लिहा: हे संपल्यावर काय व्हायला हवं? हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. आत्याने मंगलाष्टका लावल्या आणि त्या संपल्या, तर पुढे कन्यादान आपोआप सुरू व्हावं, की चकतीने परत मेनूवर यावं?

पुढे चालू राहायचं असेल तर काम सोपं आहे. सगळं लग्न एकच टायटल ठेवायचं, त्यात विधींच्या जागी चॅप्टर पाडायचे आणि बटणं त्या चॅप्टरना जोडायची. हे जवळपास कुठलंही सॉफ्टवेअर करतं. परत मेनूवर यायचं असेल तर प्रत्येक विधी वेगळं टायटल करावं लागतं आणि प्रत्येकाच्या शेवटी 'मेनूवर जा' अशी आज्ञा द्यावी लागते. पण मग 'सगळं बघा' दाबलं की सगळी टायटल एकामागून एक लागायला हवीत, मध्ये मेनू यायला नको. एकाच टायटलने कधी मेनूवर जायचं आणि कधी पुढच्या टायटलवर, हे चकतीला लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी डीव्हीडी प्लेअरमध्ये १६ छोटे स्मृतिकप्पे असतात. 'सगळं बघा' दाबलं की एका कप्प्यात १ लिहायचा, एकेक विधी निवडला की ० लिहायचा, आणि टायटलच्या शेवटी तो कप्पा बघून ठरवायचं. काही सॉफ्टवेअर हे गुपचूप करून देतात, काहींत ती आज्ञा हाताने लिहिता येते, आणि बऱ्याच सोप्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नाही. तुमच्या नकाशात हे लागणार असेल तर निम्मी नावं इथेच गळतात.

पायरी २: चकती कुठे लागणार ते ठरवा

भारतात पाल पद्धत: ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी: ७२० बाय ४८० ठिपके, सेकंदाला २९.९७ चित्रं. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, पण अमेरिकेतले बरेच प्लेअर पाल चकती घेत नाहीत. न्यू जर्सीच्या मावशीला पाठवायची असेल तर तिच्यासाठी वेगळी एनटीएससी चकती बांधा. लंडनला मात्र आपली पाल चालते. प्रादेशिक कोड, म्हणजे चकती कोणत्या देशांत चालेल ते ठरवणारा आकडा, सगळ्यांसाठी खुला ठेवा.

व्हिडिओ जुन्या चौकोनी आकाराचा, म्हणजे ४:३, आहे की रुंद १६:९, हेही आत्ताच लिहून ठेवा. जुनी कॅसेट ताणून रुंद करू नका. माणसं बुटकी आणि जाड दिसतात, आणि लग्नातल्या तरुण आत्याला तसं बघणं कुणालाच आवडत नाही.

पायरी ३: सॉफ्टवेअरची निवड

नकाशा समोर ठेवून प्रत्येक सॉफ्टवेअरला पाच प्रश्न विचारायचे. मेनूची पार्श्वभूमी म्हणून माझं स्वतःचं चित्र लावता येतं का, की त्यांच्याच फुगे आणि फुलांच्या साच्यांतून निवडावं लागतं? बटणं हवी तिथे ठेवता येतात का? प्रत्येक टायटल संपल्यावर काय व्हावं ते सांगता येतं का? आधीच डीव्हीडीच्या साच्यात (फॉरमॅटमध्ये) असलेला व्हिडिओ पुन्हा न दाबता (कॉम्प्रेस न करता) जसाच्या तसा घेतो का? आणि तयार डीव्हीडी आधी हार्ड डिस्कवर फोल्डर किंवा आयएसओ (अख्ख्या चकतीची एकच फाइल) म्हणून देतो का, की थेट चकतीवरच राइट करतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'थेट चकतीवरच' असेल तर ते सॉफ्टवेअर सोडून द्या. आपल्याला तपासणीसाठी आणि पुढच्या प्रतींसाठी फोल्डर लागतोच.

घरगुती कामासाठी माझी पहिली शिफारस डीव्हीडीस्टायलर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. पार्श्वभूमीला स्वतःचं चित्र, हवं तिथे बटण, बटणाचं चित्र स्वतःचं, सगळं जमतं. बटणाच्या गुणधर्मांत 'सगळी टायटल वाजवा' असा तयार पर्याय आहे आणि टायटलच्या आधी व नंतर चालणाऱ्या आज्ञा हातानेही लिहिता येतात. व्हिडिओ आधीच योग्य साच्यात असेल तर 'कॉपी' निवडा, म्हणजे तो पुन्हा दाबला जात नाही. दिसायला ते जुनाट आहे आणि पहिल्या दिवशी गोंधळायला होतं. पण आमच्या नकाशातली प्रत्येक गोष्ट त्यात बसली.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना डीव्हीडीऑथर माहीत असेल. त्यात खिडक्या-बटणं काही नाहीत. एक्सएमएल फाइलमध्ये चकतीची सगळी रचना लिहायची, सोबतच्या स्पुमक्सने बटणांचे हायलाइट व्हिडिओत मिसळायचे. डीव्हीडीस्टायलरही आतून हेच वापरतं. वीसपंचवीस चकत्यांची मालिका करायची असेल, उदाहरणार्थ गावच्या जत्रेची दरवर्षीची एक, तर एकदा ती फाइल लिहून पुढे फक्त नावं बदलायची. त्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. एका लग्नासाठी मात्र एवढा खटाटोप नको.

पैसे खर्च करायची तयारी असेल आणि विंडोज वापरत असाल तर जपानच्या पेगासिस कंपनीचं टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स बघा. मेनूंवर ताबा चांगला आहे, आधीच साच्यात असलेला व्हिडिओ कापला तरी फक्त कापलेली जागा नव्याने दाबली जाते, आणि ब्लू-रेचेही मेनू बनतात. चाचणी प्रत वापरून मगच विकत घ्या.

काही नावं जुन्या सल्ल्यांत सारखी भेटतात, त्यांचं काय झालं ते सांगतो. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये होतं, विंडोज ८ पासून काढून टाकलं. ॲपलचं आयडीव्हीडी आणि डीव्हीडी स्टुडिओ प्रो २०११ च्या सुमारास बंद पडली आणि आजच्या मॅकवर ती चालत नाहीत. डीव्हीडी फ्लिक सोपं आणि फुकट आहे, पण त्याची शेवटची आवृत्ती २००९ ची. त्यातले मेनू ठरावीक साच्यांचे आहेत. नुसती नावांची यादी हवी असेल तर ठीक, आपला नकाशा त्यात बसत नाही. अडोबी एन्कोअर ही माझ्या मते या कामातली सगळ्यात सुंदर रचना होती. फोटोशॉपच्या थरांना ठरावीक खुणांची नावं दिली की तेच थर मेनूची बटणं व्हायचे. २०१२ च्या सीएस६ नंतर ते पुढे आलंच नाही. ज्यांच्या जुन्या संगणकावर ते अजून चालतं त्यांनी तो संगणक जपावा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्यामागे लागू नये. डीव्हीडी आर्किटेक्ट सोनीकडून २०१६ मध्ये मॅजिक्सकडे गेलं. ज्यांच्याकडे वेगास या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरसोबत ते आलेलं आहे त्यांना दुसरं काही शोधायची गरज नाही.

'फुकट चाचणी' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एक कळकळीची सूचना. अशाच एकावर मी रात्रभर व्हिडिओ दाबत ठेवला आणि सकाळी मंगलाष्टकांच्या मधोमध त्यांचं नाव ठसलेलं दिसलं. चाचणी नेहमी दोन मिनिटांच्या तुकड्यावर घ्या.

पायरी ४: एका तासाची परीक्षा

मन ज्याच्याकडे झुकलंय ते सॉफ्टवेअर घेऊन एक छोटी चकती बांधा. दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे, मुख्य मेनू, एक उपमेनू, 'सगळं बघा'चं बटण. मेनूवर मुद्दाम 'वऱ्हाडी मंडळींचं स्वागत' असं लिहा. तयार झालेला फोल्डर व्हीएलसीमध्ये उघडा, त्यात मेनू चालतात. मग तो डीव्हीडी-आरडब्ल्यूवर राइट करा, म्हणजे चकती पुन्हा वापरता येईल, आणि जिथे ती लागणार आहे त्याच प्लेअरवर लावून पाहा. संगणकावर सगळं नीट आणि प्लेअरवर बटण हलतच नाही, असं होतं. ते आज कळलेलं बरं.

पायरी ५: व्हिडिओ तयार करणं

डीव्हीडीवरचा व्हिडिओ एमपेग-२ असतो. त्याचा वेग सेकंदाला कमाल ९.८ मेगाबिट. घरी राइट केलेल्या चकतीवर मी ८ च्या वर जात नाही, जुने प्लेअर अडखळतात. एका थराच्या चकतीवर ४.७ जीबी मावतात. त्यातून एक सोपा हिशोब निघतो: ६०० ला मिनिटांनी भागा, आवाजासकट किती मेगाबिट मिळतील ते येतं. ९० मिनिटांना साधारण ६.७, दोन तासांना ५, तीन तासांना ३.३. दोन थरांच्या ८.५ जीबीच्या चकतीसाठी ६०० च्या जागी ११०० धरा.

आता ३.३ मध्ये तीन तासांचं लग्न कसं बसवायचं? वरातीतले फटाके आणि अक्षतांचा पाऊस या दाबणाऱ्या यंत्राला सगळ्यात जड जाणाऱ्या गोष्टी. तिथे चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. सरळ मार्ग म्हणजे दोन चकत्या करायच्या. दुसरा मार्ग फारसा कुणी सांगत नाही: डीव्हीडीच्या नियमात ३५२ बाय ५७६ हा अर्ध्या रुंदीचा आकारही बसतो. व्हीएचएस कॅसेटमध्ये आडवा तपशील मुळातच त्याहून कमी असतो. म्हणजे अर्ध्या रुंदीत ठेवलं तरी जे नव्हतंच ते गमावत नाही, आणि तेवढाच वेग निम्म्या ठिपक्यांना पुरतो. आत्याची चकती मी अशीच केली. ३.१ मेगाबिट व्हिडिओला आणि ०.२ आवाजाला. अक्षतांचा पाऊस शाबूत राहिला.

जुन्या कॅसेटचा व्हिडिओ एक ओळ सोडून एक अशा दोन फेऱ्यांत नोंदवलेला असतो. डीव्हीडीही तसाच व्हिडिओ घेते, तेव्हा तो 'गुळगुळीत' करायच्या भानगडीत पडू नका, जसा आहे तसा राहू द्या. फक्त आधी कोणती फेरी, हे बरोबर सांगा. मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेटमध्ये खालची ओळ आधी असते. बरीच इतर साधनं वरची ओळ आधी देतात. हे उलटं झालं तर स्थिर चित्र छान दिसतं पण चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. वरातीतल्या नाचाचा तुकडा काढून टीव्हीवर पाहा, चूक असेल तर लगेच कळेल. व्हीएचएसच्या चित्रात अगदी तळाशी दहाबारा ओळींची फाटकी पट्टी असते. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे ती लपायची, आजच्या सपाट टीव्हीवर दिसते. तिच्यावर काळी पट्टी ओढा.

मोबाइलच्या व्हिडिओंचं दुखणं वेगळं. त्यांचा चित्रवेग सतत बदलतो. ते आधी हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाचे करून घ्या, नाहीतर ओठ आणि आवाज यांची ताटातूट होते. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. भाच्याला मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आवाज सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि एसी-३ मध्ये १९२ ते २५६ किलोबिट द्या.

पायरी ६: मेनूचं चित्र आणि आपली अक्षरं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. चकती सुरू केल्यावर पहिली दिसते ती हीच गोष्ट.

देवनागरी लिहायला सॉफ्टवेअरच्या आतलं अक्षरांचं साधन वापरू नका. काहींत जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी व्यंजनानंतर जाऊन बसते, आणि 'वऱ्हाडी'तला ऱ्ह तर हमखास फसतो. परीक्षेत ते शब्द यासाठीच लिहायला सांगितले. उपाय सोपा आहे: सगळी अक्षरं गिंप किंवा इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रातच लिहा. तिथे जोडाक्षरं नीट जुळतात. मग सॉफ्टवेअरला फक्त चित्र मिळतं, अक्षरांशी त्याचा संबंधच राहत नाही. हे एकदा स्वीकारलं की 'मराठी चालतं का' हा प्रश्न सॉफ्टवेअर निवडताना उरतच नाही. कुठलंही चालतं.

टंक जाड घ्या. कारण शिरोरेखा. जुन्या टीव्हीचं चित्र दोन फेऱ्यांत उमटतं, आणि एका ठिपक्याइतकी बारीक आडवी रेघ फक्त एकाच फेरीत येते. पालमध्ये ती सेकंदाला २५ वेळा दिसते आणि तितक्याच वेळा नाहीशी होते. म्हणजे लुकलुकते. रोमन अक्षरांत अशा रेघा तुटक असतात. आपली शिरोरेखा शब्दभर सलग जाते, म्हणून अख्खा शब्द थरथरल्यासारखा वाटतो. पहिल्या मेनूत मी नाजूक टंक वापरला होता, संगणकावर तो देखणा दिसत होता, आणि आत्याच्या जुन्या पेटीटीव्हीवर 'सप्तपदी'कडे दोन मिनिटं बघवेना. शिरोरेखा निदान तीन ठिपके जाड हवी. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे दोन्ही टंक फुकट मिळतात. मुक्तचं ठळक वजन या कामाला फार चांगलं आहे, आणि मुंजीच्या किंवा बारशाच्या चकतीवर बालू शोभून दिसतो.

चित्राचं माप हा आणखी एक खड्डा. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात. ४:३ चा मेनू ७६८ बाय ५७६ मध्ये काढा आणि शेवटी ७२० बाय ५७६ वर दाबा. १६:९ चा १०२४ बाय ५७६ मध्ये काढून त्याच मापावर आणा. थेट ७२० मध्ये काढलात तर रुंद टीव्हीवर गोल बांगड्या लंबगोल होतात. चारही कडांना दहावा भाग मोकळा ठेवा, म्हणजे उभ्या कडांना ७२ आणि आडव्यांना ५८ ठिपके. जुन्या टीव्हीत कडा कापल्या जातात.

रंगांत गडद लाल टाळा. या पद्धतीत रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो आणि लाल कडा पसरते. लग्नाच्या मेनूला कुंकवाचा लाल हवासा वाटतो हे मला कळतं. तो पार्श्वभूमीत मोठ्या पट्ट्यात वापरा आणि अक्षरं फिक्या पिवळट रंगात ठेवा.

पायरी ७: हायलाइट आणि बाण

रिमोटवरून बटणावर आल्यावर जे उजळतं तो हायलाइट वेगळ्या थरात असतो, आणि त्या थरात एका वेळी चारच रंग मावतात, पारदर्शक धरून. म्हणून त्याच्या कडा मऊ होत नाहीत. अख्खं अक्षर उजळवायला गेलात तर देवनागरीची वळणं पायऱ्यापायऱ्यांची दिसतात. मी अक्षरांना हात लावत नाही. बटणाच्या डावीकडे एक भरीव कुयरी ठेवतो, निवडलेल्या बटणाशी तेवढी उमटते. जाड अधोरेखाही चालते. फार सूक्ष्म रंगबदल नको. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या डोळ्यांना तो दिसत नाही.

आता प्रत्येक बटणावरून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाबलं तर कुठे जायचं ते स्वतः ठरवा. सॉफ्टवेअर हे आपोआप जोडतं, पण दोन स्तंभ असले की ते चुकतं: 'हळद'वरून खाली दाबलं की भलतीकडे 'वरात'. शेवटच्या बटणावरून खाली दाबलं की पहिल्यावर यावं. बटणांचे क्रमांकही डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमानेच द्या, कारण बऱ्याच प्लेअरवर रिमोटचा ४ दाबला की चौथं बटण थेट लागतं.

चकती घातल्याबरोबर काय व्हावं, हेही तुमच्याच हातात आहे. मी सरळ मुख्य मेनू आणतो, 'सगळं बघा' आधीच निवडलेलं. काही न ठरवता नुसतं मधलं बटण दाबलं तरी लग्न सुरू होतं. मागे सनईचं वीसतीस सेकंदांचं आवर्तन पुरतं. आवाज मूळ व्हिडिओपेक्षा हळू ठेवा.

पायरी ८: 'कोण कोण आहे'

हे बटण चैन वाटेल, पण माझ्या मते डीव्हीडी बांधायचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. डीव्हीडीवर ३२ पर्यंत उपशीर्षकांचे पदर ठेवता येतात आणि रिमोटवरून चालू-बंद करता येतात. आम्ही त्यातल्या एकात माणसांची नावं लिहिली. आजीला शेजारी बसवून कॅसेट थांबवत थांबवत गेलो. 'हळद दळताना डावीकडून: मोठी काकू, शेजारच्या वाड्यातल्या ताई, माहेरची मामी.' तीन दुपारी लागल्या. त्या पंक्तीत वाढणाऱ्या निम्म्या माणसांना घरातल्या माझ्या पिढीतलं कुणीच ओळखत नव्हतं.

उपशीर्षकंही शेवटी चित्रंच असतात, म्हणून देवनागरीची तीच अडचण इथेही येते. विंडोजवर सबटायटल एडिट हे फुकट सॉफ्टवेअर वेळा बसवायला सोयीचं आहे आणि ते अक्षरांची चित्रं करून देतं. ती चित्रं चकतीत घाला. टंक पुन्हा जाडच घ्या, काळ्या कडेसह. मुख्य मेनूवरचं बटण हा पदर चालू करून लग्न सुरुवातीपासून लावतं.

पायरी ९: फोल्डर, मग चकती

बांधकाम झालं की 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर मिळतो. त्यातल्या व्हीओबी फायलींत चित्र आणि आवाज असतो. मेनूची वाटचाल असते आयएफओ फायलींत, आणि बीयूपी ही त्यांचीच राखीव प्रत. घरातल्या मुलांना हे सांगून ठेवा, कारण पेन ड्राइव्हवर फक्त मोठ्या फायली नेल्या की मेनू मागेच राहतो. पूर्ण फोल्डर न्यायचा.

फोल्डर व्हीएलसीमध्ये लावून नकाशातला प्रत्येक बाण पेन्सिलने टिकत जा. मग आरडब्ल्यूवर एक प्रत, ती प्लेअरवर, आणि त्यानंतरच कोरी चकती. राइट करायला विंडोजवर इमबर्न, लिनक्सवर केथ्रीबी. इमबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, तरी काम चोख करतं. फक्त ते अधिकृत ठिकाणाहून घ्या आणि बसवताना नको त्या जोडसॉफ्टवेअरच्या खुणा काढा. वेग ४ किंवा ८ पट ठेवा आणि 'पडताळणी' चालू ठेवा. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घ्या. दोन थरांची चकती असेल तर थर कुठे बदलतो ते सॉफ्टवेअर विचारेल. तिथे क्षणभर चित्र थबकतं, म्हणून ती जागा दोन विधींच्या सांध्यावर निवडा.

नोएडाची मोझर बेअर एकेकाळी प्रत्येक दुकानात दिसायची. ती कंपनी राहिली नाही आणि कोऱ्या चकत्या आता शोधून आणाव्या लागतात. मिळाल्या की दहाचा गठ्ठा घेऊन ठेवा. त्यावर बॉलपेनने लिहू नका, पाण्याच्या शाईचा मार्कर वापरा. उन्हात, खिडकीपाशी ठेवू नका. आणि चकतीला एकमेव प्रत मानू नका. मूळ व्हिडिओ, मेनूची चित्रं, उपशीर्षकांची फाइल, प्रकल्पाची फाइल आणि तयार आयएसओ, सगळं एका फोल्डरमध्ये घालून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, दोन वेगळ्या घरांत. प्रकल्पाच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. फोल्डर हलवला की तो पत्ता चुकतो, तेव्हा सुरुवातीलाच सगळं एका जागी घेऊन मग काम सुरू करा.

शेवटी डबीत घालायला एक कागद छापा: चकतीचं नाव, तारीख, आणि कोणत्या आकड्याला कोणता विधी. आत्याच्या डबीत आता तिची जुनी चिठ्ठी आणि हा कागद दोन्ही आहेत. नव्या कागदावर मंगलाष्टकांपुढे ४ लिहिलं आहे.